गळ आत की बाहेर

आमच्या चर्चची 'पती-पत्नी बास स्पर्धा', म्हणजे बास मासे धरायची, दर एप्रिलात टॅलुसा तलावावर भरते. धक्क्यावरचे लोक तिला घटस्फोट स्पर्धा म्हणतात. एका बोटीत एक नवरा, एक बायको, दिवसभर. मधे भिंत नाही, दार नाही, आपटायला काही नाही. उजाडता उजाडता ब्रदर एल्टन ध्वनिक्षेपकावर प्रार्थना म्हणतात, की हे प्रभो, आमच्या दोऱ्या घट्ट राहू देत आणि अंतःकरणं सैल. मग राष्ट्रगीत होतं, टोप्या छातीवरून परत डोक्यावर जातात, आणि त्याच आवाजात ते जाहीर करतात की जिंकणाऱ्या जोडप्याला खोटं पकडायच्या यंत्रापुढे बसावं लागेल. परमेश्वरावर आमचा विश्वास आहेच. फक्त बास धरणाऱ्यांच्या बाबतीत आम्ही त्याच्या एकट्यावर भार टाकत नाही.

या वर्षी त्यांनी एक नियम दोनदा वाचला. "मासे सध्या घरट्यांवर आहेत. डोळ्यांना दिसणारा मासा धरलात, तर गळ तोंडाच्या आतून लागलेला पाहिजे. बाहेरून लागला तर तिथल्या तिथे सोडायचा. साक्षीदार तुमचा जोडीदार."

"म्हणजे साक्षीदारच नाही," मागून कॉय लेडबेटर म्हणाला. सगळे हसले. त्याची बायको मार्व्हेल हसली नाही.

माझा नवरा डब तेव्हा धक्क्यावर नव्हताच. तो बोटीत गळाचे रॉड इकडचे तिकडे करत होता. गेल्या हिवाळ्यात तो टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाला. आयुष्यभर एकाच यंत्रापुढे उभा राहिला होता. आता ते उभं राहणं वसूल करत होता. आधी गॅरेज रंगवलं. मग मधमाश्या पाळल्या. त्याही वैतागून निघून गेल्या. मग त्याच्या डोक्यात फ्लोरिडा शिरलं.

"इथलं पाणी म्हातारं झालंय, ट्वायला," तो म्हणायचा. "मोठे मासे संपले. फ्लोरिडात डुकराएवढे बास आहेत."

"मला डुकराएवढा बास नकोय. मला डुक्करसुद्धा नकोय."

आमच्या घराच्या मागच्या ओसरीवरून हेच तळं दिसतं आणि तळ्यापलीकडे माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघराची खिडकी. इथून कॉलेज जवळ, जिथे मी लोकांच्या पोरांना इतिहास शिकवते आणि ती माझ्याकडे इतिहासातली वस्तू असल्यासारखी बघतात. फ्लोरिडात मला काय दिसणार होतं? डब. तोही हलता.

सोमवारी घरं विकणारी बाई कागद घेऊन येणार, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. तेव्हा भांडी घासता घासता मी पैज लावली. आठ पौंडांवरचा एक बास आपल्या बोटीतून वजनकाट्यावर गेला, तर घर विकायचा विषय बंद. नाही गेला, तर सोमवारी मी निमूट सही करते. काट्यावर गेलेलाच धरायचा. पाण्यात दिसलेला, दोरी तोडून गेलेला, हातभर अंतरावरून निसटलेला असले मासे आमच्याकडे कोणी मोजत नाही. डबने साबणाच्या हाताने माझ्याशी हात मिळवला.

मी त्याला एवढंच सांगितलं नव्हतं, की गुरुवारी कॉलेज बुडवून मी तळ्यावर फेरी मारली होती आणि टर्नर खाडीच्या अगदी शेवटी, पडक्या होडीघराच्या बाजूला, मला ती दिसली होती.

बास मादी एप्रिलात उथळ पाण्यात येते. नराने शेपटीने वाळू झाडून ताटाएवढा स्वच्छ खळगा केलेला असतो, तेच घरटं. ती त्यावर तरंगत राहते आणि काही खात नाही. भूक नसते तिला, फक्त राग असतो. त्यामुळे तिला खायला द्यायचं नसतं, चिडवायचं असतं. म्हणून गळाला पांढरी रबरी पाल लावायची, म्हणजे पाण्यात दिसते, आणि ती पाल घरट्याच्या मधोमध नेऊन नुसती थरथरवत ठेवायची. पाल अंडी खाते, असा माशांचा समज आहे आणि तो बरोबर आहे. मादी ती कडेने चिमटीत धरल्यासारखी उचलते आणि बाहेर टाकून देते. तेव्हा ओढायचं नसतं. पुन्हा टाकायची. पुन्हा. एक वेळ अशी येते की तिचा संयम संपतो आणि ती पाल सबंध तोंडात घेऊन वळते. तेव्हाच. तोवर तुमचा संयम आधी संपला, तर संपलंच.

हे सगळं मी डबला खाडीत शिरताना सांगितलं. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या रॉडला रबरी बेडूक बांधायला घेतला.

काळ्या चष्म्यामुळे पाण्यावरची चमक गेली आणि ती दिसली. घरट्यावर, काळपट, पाठ माझ्या मांडीएवढी.

डबच्या हातातला बेडूक खाली पडला. "अगं आई गं," तो म्हणाला. मग त्याला पैज आठवली असावी, कारण तो म्हणाला, "सात असेल. फार तर."

बोटीचे दोन्ही खांब गाळात रोवून आम्ही थांबलो. आधी नर धरला. तो अंगावर धावून आला आणि लगेच लागला. त्याला बोटीतल्या हौदात सोडला. घरटं राखणारा गेला की मादी जास्त चिडते. मग मी पाल टाकायला लागले.

सकाळ अशी गेली: मी पाल टाकत होते, मादी ती उचलून बाहेर टाकत होती आणि डब बोटीत राहत होता. राहत होता म्हणजे काय, तर पुढे जात होता, मागे येत होता, आमिषांच्या पेट्या उघडत होता, मिटत होता. डब्यातले छोटे सॉसेज खारी बिस्किटांवर ठेवून खाल्ले. गोड चहा प्यायला. फिरत्या पात्यांचं आमिष बांधलं, सोडलं, लाकडी मासोळी बांधली, तीही सोडली.

"पुलाखाली जाऊन येऊ या. पाच मिनिटं."

"नाही."

"पुलाखाली कळप असतो."

"असू दे."

"तुला कळत नाहीये, ती खाणार नाही."

"तिने खायचं नाहीच आहे."

"ट्वायला, माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"मुंग्यांना बसायला सांग."

मधेच लेडबेटरांची बोट खाडीत डोकावली. आमच्याकडे घरट्यावर कोणी बसलेलं असेल, तर दुसऱ्याने लांब थांबावं, अशी रीत आहे. पण गर्दीच्या दिवशी गाडी लावायला जागा शोधणारा माणूस जसा लांब थांबतो, तसं.

"मिस ट्वायला," कॉय ओरडला, "डब एका जागी कसा? त्याला बरं नाही का?"

"बांधलाय मी त्याला!"

"कशाने? मलाही लागेल तसलं काही," मार्व्हेल म्हणाली.

"निघताय का तुम्ही?" कॉयने विचारलं.

"निघतोय," डब म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

कॉयने माझं मानलं आणि बोट वळवली.

दुपारी ती बदलली. पाल उचलताना आता तिची पाठ कडक व्हायची, कल्ले फुलायचे. एकदा पाल तोंडात घेऊन तिने वीतभर वाट कापली आणि मग थुंकली. मला कळलं, आता फार वेळ नाही. आणि नेमकं तेव्हाच मला कळलं की माझ्याकडेही फार वेळ नाही. उजाडल्यापासूनचा चहा होता तो. बोटीच्या मागच्या टोकाला त्यासाठी एक बादली असते.

"डब, हा रॉड नुसता धर. टाकू नकोस. हलवू नकोस. धर."

"धरतो."

"तिकडे तोंड कर."

"करतो बाई, करतो."

आता मी बादलीवर असताना तो रॉड हातात धरून नुसता बसेल, असं मी समजले. इतकी वर्षं सोबत काढल्यावर असली आशा ठेवणं म्हणजे निव्वळ हलगर्जीपणा. पाण्यात पाल पडल्याचा टुपकन आवाज आला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर त्याआधीच डबने रॉड दोन्ही हातांनी खांद्यावरून मागे ओढला होता. सगळी सकाळ त्या एका ओढीत होती.

"लागली! लागली! जाळं आण!"

मी जाळं घेऊन आले. कशा अवस्थेत, ते लिहायची गरज नाही. ती होडीघराच्या खांबाकडे धावली, वळली, उसळली, आणि उसळली तेव्हा डब लहान मुलासारखा "नको, नको, नको" म्हणत होता. मी जाळं खाली घातलं आणि ती जड होऊन आत आली. हाताने जोखायला नकोच होतं. आठच्या पुष्कळ वर.

डब गुडघ्यांवर बसला. टोपी कधीच पाण्यात गेली होती. मी माशाचं तोंड उघडलं आणि पाहिलं.

गळ बाहेर होता. खालच्या जबड्याच्या काठाशी, अंगठ्याच्या नखाएवढ्या अंतरावर, पण बाहेरच्या बाजूने आत शिरलेला. तिने नेहमीसारखी कडेने चिमटीत धरली होती पाल, आणि डबने धीर न धरता ओढली होती.

"आत आहे," डब म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"आतच आहे, ट्वायला. बघ ना. काठावर म्हणजे आतच."

"ही काट्यावर गेली तर फ्लोरिडा नाही, डब."

"खड्ड्यात गेलं फ्लोरिडा!" त्याचे डोळे भरून आले होते. "जन्मात असा मासा नाही धरला मी. कोणी बघितलंय इथे?"

खाडीत कोणी नव्हतं. लेडबेटर वळणापलीकडे. साक्षीदार मी एकटी, आणि त्या माशाला 'आत' म्हणण्यात माझं सगळं होतं: ओसरी, बहिणीची खिडकी, कॉलेज. मी नुसतं गप्प राहिले असते, तरी पुरे होतं. हौदाचं झाकण उघडं होतं. मासा माझ्या हातात होता.

मी फार सत्यवादी आहे असं नाही. मुलांच्या पेपरांवर मी 'चांगला प्रयत्न' असं लिहिते. पण मी या माणसाला ओळखते. काही मनात नसतानाही त्याला एका जागी बसवत नाही. त्या यंत्राच्या वायरी अंगाला चिकटवून तो "आत होता" म्हणाला असता, यंत्राने कदाचित मानलंही असतं, आणि त्यानंतर एकेका रात्री उठून येरझाऱ्या घातल्या असत्या. फ्लोरिडाचं काय, तो मला घेऊन अलास्कापर्यंत गेला असता.

"बाहेर आहे," मी म्हणाले.

मी गळ काढला आणि तिला पाण्यात धरलं. ती हातात एकदा फुगली आणि गेली. मग डबने न सांगता हौदातला नरही काढला आणि सोडला. तो कशाला सोडला, ते मी विचारलं नाही. तो तर नियमात बसत होता.

"झालं," मी म्हणाले. "सोमवारी सही करते. आता तुझ्या पुलाखाली जाऊ या."

"थांब."

लग्न झाल्यापासून हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

नर पहिल्यांदा आला. घरट्याभोवती दोन गिरक्या घेतल्या. खूप वेळाने होडीघराच्या सावलीतून ती आली, जबड्याखाली फाटलेलं, आणि पुन्हा खळग्यावर येऊन तरंगायला लागली.

"एवढं झालं तरी परत आली," डब कुजबुजला. "अक्कल म्हणून नाही."

प्राध्यापकी सवयीने माझ्या ओठांवर याचं तात्पर्य आलं होतं. मी ते गिळलं.

परतायची वेळ झाली तेव्हा त्याला तिथून हलवताना मला जोर लावावा लागला. काट्यावर नेण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. लेडबेटर जिंकले, यंत्रापुढे बसले, आणि मार्व्हेलला काय विचारलं कोण जाणे, पण उठताना ती पहिल्यांदा हसली.

सोमवारी घरं विकणारी बाई वेळेवर आली. शेल्बी तिचं नाव. पुढे दारात रोवायची 'विकणे आहे' पाटीही गाडीत घालून आणली होती. मी पैज हरले होते, म्हणून सही केली. अक्षर माझं वाटलं नाही.

"तुमच्या मिस्टर स्टॅन्सिलची पण लागेल," शेल्बी म्हणाली. "आहेत कुठे?"

"रविवारी चर्चमधून परस्पर तळ्यावर गेला. आज उजाडता पुन्हा गेला."

तिने फोन लावला. पलीकडून इतका हळू आवाज आला की तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"हळू बोला," डब म्हणत होता. "ती आहे समोर."

"कोण आहे, सर?"

"मासा."

"बरं. मग सहीला कधी येताय?"

"अंडी घालायचीत अजून."

"मग पुढच्या आठवड्यात येऊ का?"

"पुढच्या आठवड्यात नर राखण बसतो. पिल्लं निघतात. त्यांना सोडून कसं यायचं?" आणि फोन बंद झाला.

शेल्बी इथलीच होती. तिने नवल केलं नाही. "केवढी आहे?" तिने मला विचारलं. मी हातांनी दाखवलं. तिने कागद पिशवीत घातले आणि पाटी गाडीतच राहू दिली.

ती गेल्यावर मला घरात बसवेना. ओसरीवर गेले, आत आले, कपाट उघडलं, मिटलं. सही केलेली होती; अर्धं घर गेल्यासारखं होतं आणि अर्धं नव्हतं. शेवटी मी गाडी काढली आणि कच्च्या रस्त्याने टर्नर खाडीवर गेले. डब पडक्या होडीघराच्या फळ्यांवर पालथा पडला होता, हनुवटी मुठींवर, रॉड नाही, आमिषांची पेटी नाही. मी त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले. तिथेही मला उभं राहवेना.

"केलीस सही?" पाण्यावरची नजर न काढता त्याने विचारलं.

"केली. तुझीही लागते."

"पेन आणलंस?"

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला. "आता खाली बस. तुझी सावली पडतेय तिच्यावर."