इंजिनाले आवतन

डोमाजी वानखडे यांना मोटारसायकलचे इंजिन उतरवता येत होते, असे त्यांचे स्वतःचे मत होते. या मताला आधार म्हणजे वलगावच्या स्टँडजवळचे गॅरेज. तिथल्या बाकावर तंबाखूचा खर्रा घोटत त्यांनी अर्धे आयुष्य काढले होते. मिस्त्रीने नटाला पाना लावला की हे बसल्या जागेवरून सांगायचे, "डाव्या अंगानं घे, डाव्या अंगानं." मिस्त्री तसाही डाव्या अंगानेच घेत असे. पण त्याने आपले ऐकले नाही, असे एकदाही झाले नाही, त्यामुळे डोमाजींचा समज पक्का होत गेला.

तर असे हे डोमाजी पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या राजदूतचे इंजिन उतरवायला बसले. इंजिनाला काही झाले होते म्हणावे तर तसेही नाही. गाडी म्हातारी होती, धूर सोडायची, उतारावर खोकायची, पण रोज सकाळी डोमाजींना शेतात नेऊन आणायची. दुखणे दुसरीकडेच होते, ते अकोल्याहून फोनवर आले होते.

फोन मुलाचा, योगेशचा. तो अकोल्याला नोकरीला, आणि त्याने नुकतीच चारचाकी घेतलेली. "बाबा, उद्या पोळ्याले येतो," तो म्हणाला. "नवीन गाडी हाये, उन्हापाण्यात उभी नाही करता येत. तुमच्या टिनाखाली ते राजदूत पडून हाये ना, ते मी इकून टाकलं. भातकुलीचा अंकुर म्हणून पोरगा हाये, तो उद्या येऊन घेऊन जाते. कागदं काढून ठेवा."

"हो," डोमाजी म्हणाले.

हा 'हो' म्हणजे त्यांचा जुना आजार. गावात चार माणसांशी भांडतील, ग्रामसभेत माईक सोडणार नाहीत, पण मुलाचा आवाज फोनवर आला की तोंडातून दुसरा शब्द निघायचा नाही. बैलांच्या वेळी असेच झाले होते. "बाबा, या वयात बैल कोन पाळते?" योगेशने विचारले आणि हे 'हो' म्हणून बसले. पोळा तोंडावर आलेला असताना जोडी बाजारात गेली. त्या पोळ्याला गावातले सगळे बैल तोरणाखाली उभे राहिले, आणि डोमाजी ताप आल्याचे सांगून घरात पांघरूण घेऊन पडले. ताप नव्हता. त्यांना रडू येत होते, आणि एवढ्या मोठ्या माणसाने रडायला पांघरूण लागते.

आता राजदूतही गेली की शेतात जायचे कसे? पायांनी तेवढे अंतर आता होत नव्हते. शेत मक्त्याने दिलेले असले तरी रोज बांधावर जाऊन मक्तेदाराच्या चुका काढणे हे त्यांचे काम होते, आणि ते सुटले तर खाटेवर बसून राहण्याखेरीज काही उरत नव्हते. गाडी जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी फोन ठेवता ठेवताच ठरवले. पण 'हो' तर म्हणून झाले होते.

मग डोक्यात ती युक्ती आली. 'नाही' म्हणायचेच नाही. गाडी खोलून ठेवायची. इंजिन खाली, सांगाडा वर, नटबोल्ट वाटीत. खोललेली गाडी कोणी घेत नाही, गिऱ्हाईक बघून तसेच परत जाते. वाचवायची म्हणून चालती गाडी आपल्या हाताने बंद पाडायची, यातली गंमत त्यांच्या ध्यानात आली नाही. हुशार माणसाचे असेच होते.

लीलाबाई, त्यांची बायको, ओसरीवर पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडत होती. "आता काय करून राह्यले हे?" तिने विचारले.

"इंजन उतरवतो."

"बरं," ती म्हणाली. "एकदाची जाते म्हना ब्याद." राजदूतवर तिचा राग जुना होता. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत त्या गाडीने तिला नव्या लुगड्यासकट नाल्यात टाकले होते, आणि डोमाजींनी आधी गाडी उचलली होती.

टाकी निघाली, सायलेन्सर निघाला, चेनही निघाली. कार्बोरेटर काढताना थोडे पेट्रोल तुळशीवर उडाले, ते त्यांनी पाण्याने धुतले आणि तिकडे कोणी पाहिले नाही याची खात्री करून घेतली. गंजलेले बोल्ट मात्र हलेनात. डिझेल सोडले, हातोडीने ठोकले, शिव्या दिल्या, आणि शेवटी डाव्या अंगाने जोर लावला तेव्हा ते सुटले. सगळे नट लीलाबाईच्या पुरणाच्या पितळी वाटीत जमा झाले. इथवर ठीक होते. पण गॅरेजमध्ये इंजिन उचलताना मिस्त्री नेहमी कोणाला तरी हाक मारत असे, एवढी एक गोष्ट बाकावरून दिसली नव्हती. डोमाजींनी ते धूड एकट्याने ओढले. इंजिन पोत्यावर आले, आणि उजव्या खांद्यातून अशी कळ निघाली की ते इंजिनाशेजारीच बसले.

"आवो, काय झालं?"

"काई नाई. खांदा गेला."

लीलाबाईने डाळ बाजूला ठेवली. चुलीवर लोणी कढवले, त्यात हळद टाकली, आणि पळसाच्या पानाने त्यांचा खांदा शेकायला बसली. शेकता शेकता तिला हसू फुटले. वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे असेच लोण्या-हळदीने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. या घरात ते शेकणे बैलांसोबतच गेले होते. आज सांज तीच, लोणी तेच, आणि पुढ्यात खांदा मोडलेला हा प्राणी.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवाले या."

"बह्याड झाली का?" डोमाजी म्हणाले. पण त्यांना बरे वाटले. नंतर उठताना त्यांनी खांदा चोळला आणि त्याच हाताने इंजिनावर दुसरे पोते ओढले. चार बोटांची हळद इंजिनाला लागली. ती त्यांनी पुसली नाही, कारण पाहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी योगेश नवी गाडी घेऊन आला, आणि त्याच्यामागे छोटा हत्ती टेम्पो घेऊन अंकुर. योगेशने टिनाखालचा पसारा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हे काय केलं?"

"खराबी निघाली रे," डोमाजी पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले. चेहरा पाडायला त्यांना खांद्याची बरीच मदत झाली. "खोलाच लागलं. आता अशी उघडी गाडी हे पोरगं नेऊन काय करन? राहू दे, बापा. तुले लय तरास झाला."

अंकुरने पोते बाजूला केले, इंजिन पाहिले, आणि त्याचा चेहरा उजळला.

"काका, लय बेस काम केलं तुमी! मले इंजनच पाह्यजे होतं. सांगाडा कोनाले लागते? आजचा दिवस महा खोलन्यातच जानार होता, तो वाचवला. मी कपाशीत डवरनी कराची, तन काढाची गाडी बनवून राह्यलो. हे इंजन घरी नेतो अन् सरका डवऱ्याले जुपतो."

डोमाजी खाली पाहू लागले. आपल्याच हातांनी, आपलाच खांदा मोडून, त्यांनी चोरासाठी कुलूप काढून ठेवले होते. अंकुर वाकला, इंजिनाखाली हात घालू लागला. आणि तेव्हा त्याच्या तोंडचा एक शब्द डोमाजींच्या कानात उशिरा पोचला.

"काय म्हनलास? जुपतो?"

"हो ना. डवऱ्याले."

"डवऱ्याले काय जुपते, बाप्पू?"

"बैल जुपते. पन आता..."

"मंग हा बैलच झाला की नाई?" डोमाजी खांदा विसरून उभे राहिले. "अन् आज काय हाये? पोळा. पोळ्याच्या दिवशी दावनीचा बैल कोन इकते? कोन घेते? तुह्या बापानं घेतला का कधी?"

"बाबा, इंजिन म्हणजे बैल नसतो," योगेश म्हणाला.

"तुले काय समजते बैलातलं?" डोमाजी म्हणाले. एवढ्या वर्षांत मुलाशी बोलताना निघालेले हे त्यांचे पहिले उलट वाक्य होते. त्यांना स्वतःलाही धक्का बसला.

अंकुर मात्र हसला नाही. तो कास्तकाराचा पोरगा, सकाळीच घरच्या जोडीची शिंगे रंगवून आला होता. त्याने हात मागे घेतला, आणि तेव्हा त्याला इंजिनावरची हळदीची बोटे दिसली. "याले तं हळद लावली हाये," तो हळू आवाजात म्हणाला.

डोमाजींनी ती आत्ताच पाहिली. पण आलेली संधी सोडणारा माणूस ग्रामसभेत टिकत नाही. "मंग? काल खांदा शेकला त्याचा. आवतन देलं त्याले."

"कोनं देलं?"

"तुह्या काकूनं."

अंकुर दाराकडे वळला. लीलाबाई चौकटीत उभी होती. "काकू," तो म्हणाला, "ज्याले आवतन असते त्याच्यापुढं आधी ताट येते. तुमी इंजनाले आवतन देलं असन तं मी हात लावत नाई. सांगा."

लीलाबाई आत गेली. ही बाई कधी खोटे बोलत नसे. मतदार यादीत तिने वयसुद्धा खरे सांगितले होते. आता तर हातात पोळ्याचा नैवेद्य येणार होता. आवतन तिने कोणाला दिले होते हे तिला ठाऊक होते आणि त्यांनाही. ताट त्यांच्यापुढे येणार, सगळे हसणार, आणि इंजिन छोट्या हत्तीत चढणार. वर त्या गाडीचा नाल्यातला हिशेबही बाकी होता.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत दोन ताटे होती. पुरणाची पोळी, वडे, कढी. एक ताट तिने डोमाजींपुढे ठेवले, दुसरे पोत्यावरच्या इंजिनापुढे.

"आई, हे काय?" योगेश म्हणाला.

"आवतन म्या या बैलाले देलं," तिने नवऱ्याकडे बोट दाखवले. "काल ह्याचाच खांदा शेकला. पन बैल कोनी एकटा जेवाले बसवते का? हा जोडीतला हाये." ती योगेशकडे वळली. "मांगच्या खेपेले तू जोडी इकाले लावली. दोघं संगच गेले, म्हनून म्या काई म्हनलं नाई. आता जोडीतला एक इकून राह्यला तू. मंग हा दुसरा कोनासंग चालन, मले सांग."

गावाकडून घुंगरांचा आवाज येत होता, बैल तोरणाकडे निघाले होते.

"जोडी फोडून नेलेला बैल लाभत नाई, काका," अंकुर शेवटी म्हणाला. "मी दुसरं पाहतो. अन् परवा येऊन हे चढवून देतो तुमाले. नट कुठं ठेवले?"

"पुरनाच्या वाटीत," लीलाबाईच म्हणाली.

डोमाजींनी ताटाकडे पाहिले, पण डोळे भरून आल्यामुळे त्यांना पोळी नीट दिसेना. या वेळी अंगावर पांघरूणही नव्हते. योगेश थोडा वेळ नव्या गाडीच्या चाबीशी चाळा करत उभा राहिला. मग त्याने चाबी खिशात टाकली, चपला काढल्या, आणि पोळ्याला बैलांचे धरतात तसे वाकून बापाचे पाय धरले. इंजिनाला पाय नव्हते, म्हणून दोघांचा नमस्कार त्याने तिथेच केला.