आजीला वगळा

परिषदेआधी इतिहास विभागात पडद्यावरचा नकाशा बघून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं! अकरा वर्षं त्यांनी एका गावच्या काझीच्या जुन्या दप्तरातली घराणी एकेक करून कार्डांवर उतरवली होती. कुणाच्या घरात इस्लाम आधी नावात आला, कुणाच्या लग्नात, कुणाच्या थेट कबरीवर. बुटांची सतरा खोकी भरली होती. नवरा म्हणायचा, "तुझ्या मेलेल्या माणसांनी आपल्या पलंगाखाली संसार थाटलाय."

आणि नकाशावर काय, तर अख्ख्या गावाला एकच लाल ठिपका आणि एकच साल. म्हणजे सगळं गाव झोपलं एका धर्मात आणि उठलं दुसऱ्यात!

"हे साल कुठून आणलंस रे?" त्यांनी नकाशे करणाऱ्याला विचारलं.

"ताई, संगणक घराण्यामागे एकच साल घेतो. पहिलं मुसलमानी नाव सापडलं ते साल टाकलं."

"अरे माझ्या राजा, त्या साली दप्तर सुरू झालंय! आधीचं जळालं. तोवर घरोघरी एखादं नवं नाव आलेलंच होतं!"

तो बिचारा ओशाळला. विभागप्रमुख सर मात्र ढिम्म. "बाई, धर्मांतराचं कारण म्हणून आधी सगळे तलवार तलवार करायचे, मग सूफी आले, मग व्यापारी. आता नकाशांचे दिवस आहेत. चित्र कसं ठसठशीत आलंय बघा."

"साफ खोटं आहे ते! त्याच साली तिथून फौज गेली होती. उद्या लोक म्हणतील, एका दिवसात गाव बाटवलं. आणि खाली नाव माझं!"

बाईंनी एक कार्ड टेबलावर आपटलं. त्या सालानंतर तीस वर्षांनी झालेली घराची वाटणी. आजीचं नाव जुनंच, एका नातवाचं जुनं, दुसऱ्याचं नवं. आजीनं आळीपाळीनं एकेक महिना दोघांकडे जेवायचं, असं ठरलेलं.

"हिला कुठल्या ठिपक्यात बसवू?"

"आजीला वगळा," सर म्हणाले. "आणि सोमवारी तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीवर माझी सही व्हायचीय, एवढं ध्यानात ठेवा."

तासाभरानं परिषदेत नकाशा झळकला, टाळ्या पडल्या. सरांनी कौतुकानं बाईंना उभं केलं. बाई नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत, तरातरा जाऊन त्यांनी माईक घेतला आणि कार्डं वाचायला सुरुवात केली. आजी वाचली, मग तिच्या शेजारचं घर, मग त्यापुढचं.

"पुरे!" सर दात ओठ खात म्हणाले.

"पुरे कसं? अजून सोळा खोकी आहेत."

पहिल्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक कातावले, "अहो, मग हे गाव मुसलमान झालं तरी कधी?"

"होत होतं!" बाई कडाडल्या. "आजी दोन्हीकडे जेवत होती, तोवर तरी होतच होतं. तिला मारून साल काढू?"

नकाशा मागे घ्यावा लागला. सोमवारी सही झाली नाही. विभागातून सतराही खोकी पुन्हा पलंगाखाली गेली, आणि नवऱ्यानं जागा करून देत पाय वर घेतले.