जास्तीची खुर्ची

“बारा मागवल्यात, तरी तेरा कर. एक जास्तीची असू दे. कुठली कधी मोडेल, सांगता येतं का?”

हे शब्द माझ्या जन्माच्याही आधीचे. बोलणारी होती झेलीबाई, आणि ऐकणारे होते तिचे यजमान, आन्सेल्म सुतार. ते मेपलच्या लाकडाच्या खुर्च्या करायचे आणि झेलीबाई त्यांची बैठक वेताने विणायची.

“त्या तेरावीवर बसणार कोण?” सुतारांनी रंध्यावरची धूळ फुंकत विचारलं.

“ते मला नका विचारू. तुम्ही करा, मी विणते.”

मित्रांनो, ती तेरावी म्हणजे मी. मी एक जुनी खुर्ची आहे. नदीकाठच्या आमच्या लहानशा गावातल्या न्यायालयाची, ज्यूरीच्या कठड्यातली, पण मोजणीत नसलेली.

झेलीबाई विणता विणता जपमाळेच्या प्रार्थना पुटपुटायची. वेताच्या एका फेऱ्याला एक प्रार्थना, असा तिचा नेम होता. माझ्यापर्यंत येईतो ती दमली होती. प्रार्थना एकही चुकली नाही, पण उजव्या कोपऱ्यातली गाठ जरा सैल राहिली. ती सैल गाठ घेऊनच मी घरातून निघाले.

माझ्या बारा बहिणींना न्यायालयाच्या फरशीवर स्क्रूने पक्कं बसवलं. पाठीवर पितळेचे आकडे लावले. मला मात्र बाहेर, व्हरांड्यात ठेवलं. तिथे मी तीस वर्षं काढली. बेलिफचा ओला कोट, कोणाची तरी हॅट, नाताळच्या सजावटीचं खोकं, एवढीच माझी सोबत. आतून माणसं कधी रडत बाहेर येत, कधी हसत. एकदा तर एकाच दारातून एक बाई रडत आणि तिच्यामागून दुसरी हसत आली. आत नक्की चालतं तरी काय, ते मला काही उमगत नसे.

मग नियम बदलला. लांबलेल्या खटल्यात ज्यूरीतला एखादा पंच आजारी पडला तर सगळंच फुकट जातं, म्हणून बारा जणांच्या जोडीला एक तेरावा पंच बसवायचा असं ठरलं. बेलिफ ऑल्टन ग्रिंडल यांनी माझ्यावरचा आपला कोट उचलला, मला फडक्याने पुसलं आणि कठड्याच्या टोकाला नेऊन ठेवलं.

“चल गं तेरावे,” ते म्हणाले, “तुझंही नशीब उघडलं.”

मला वाटलं, आता सगळं कळेल. पण मित्रांनो, आत गेल्यावर माझा गोंधळ आणखीच वाढला.

पंच निवडायच्या दिवशी गावातल्या साठ-सत्तर माणसांना बोलावत. कारकूनबाई एका लाकडी पेटीत हात घालून चिठ्ठी काढत आणि नाव वाचत. तो माणूस येऊन बसला की न्यायाधीश विचारत, “तुम्हाला या प्रकरणाची काही माहिती आहे?” ज्याला माहिती, त्याला घरी पाठवत. ज्याला काही ठाऊक नाही, त्याला ठेवून घेत! जगात माहितगाराला मान असतो असं मी ऐकून होते. इथे नेमकं उलटं. वकिलांना तर काही जणांना कारण न सांगताही परत पाठवायची मुभा होती. एका गरीब म्हाताऱ्याला असं पाठवलं, तेव्हा तो दारापर्यंत तीनदा वळून विचारत राहिला, “पण माझं चुकलं काय?”

आणि माझ्यावर बसणाऱ्याची तर आणखीच तऱ्हा. त्याने सगळ्यांसारखी शपथ घ्यायची, सगळं ऐकायचं, आणि शेवटी बारा पंच खल करायला आतल्या खोलीत गेले की त्याने टोपी उचलून घरी जायचं. एक न्हावी असाच उठताना चिडून म्हणाला होता, “नऊ दिवस जेवायला बसवलं आणि ताट वाढायच्या वेळी उठवलं.” त्याचं मला पटलं होतं. मग झेलीबाईने मला करायला लावलं ते कशासाठी?

ज्या खटल्याने हे कोडं थोडंसं सुटलं, तो लुसियन देगल यांचा.

बटाटे काढायचे दिवस होते. मुलंही शेतावर लागतात म्हणून शाळांना सुट्टी होती. पंच व्हायला कोणीच तयार नव्हतं.

“साहेब, माझे बटाटे अजून जमिनीत आहेत,” एक शेतकरी हात जोडून म्हणाला.

“माझेही आहेत,” न्यायाधीश स्टेटसन म्हणाले. “बसा.”

लुसियन देगल यांच्यावर आळ होता तो मालकाचं, बेकविथ यांचं, बटाट्याचं कोठार जाळल्याचा. एकोणीस वर्षं त्यांनी तिथे काम केलं होतं आणि आगीच्या आदल्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं होतं. जामीन मिळाला नव्हता, जुलैपासून ते कोठडीत होते. त्यांची बायको रोलांद रोज तिसऱ्या बाकावर बसून एक राखाडी स्वेटर विणायची.

बारा पंच ठरले. तेरावी चिठ्ठी निघाली ती ओदील सीर यांची. शाळेच्या स्वयंपाकघरात रांधणाऱ्या या विधवा बाई. अंगाने लहानखुऱ्या, आवाज हळू.

“तुम्ही देगलना ओळखता?” न्यायाधीशांनी विचारलं.

“त्यांची मुलं माझ्या हातचं सूप पिऊन मोठी झाली.”

“आणि बेकविथना?”

“त्यांचीही. दोन्ही घरची पोरं गाजरं टाकून देतात.”

सगळे हसले. न्यायाधीशांनी हसू आवरून विचारलं, “मग दोघांना सारखं तोलता येईल तुम्हाला?”

“साहेब, माझी पळी एकच आहे. सगळ्यांना तीच.”

आणि त्या माझ्यावर येऊन बसल्या.

दोन आठवडे खटला चालला. ओदीलबाई ताठ बसायच्या. ऐकताना त्यांचं बोट माझ्या कडेच्या वेतावरून सावकाश सरकायचं, मणी ओढावेत तसं. मला झेलीबाईची आठवण यायची. पण खटल्याचं म्हणाल, तर माझी मती पार गुंग झाली होती. सरकारी वकिलांचा साक्षीदार म्हणाला, कोठारापाशी देगलची निळी गाडी पाहिली. मला वाटलं, झालं, यांनीच लावली आग. दुसऱ्या दिवशी एक बाई म्हणाली, त्या संध्याकाळी देगल चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत होते, त्यांनी दोनदा घेवडा मागून घेतला. मला वाटलं, छे, हा माणूस कशाला आग लावेल? तिसऱ्या दिवशी कळलं की जेवणावळ लवकर संपली होती. मग मला वाटेनासंच झालं. जो शेवटी बोलेल तो खरा, अशी माझी गत झाली होती.

शेवटी न्यायाधीशांनी बारा पंचांना आतल्या खोलीत पाठवलं आणि ते ओदीलबाईंकडे वळले.

“सीरबाई, तुम्ही घरी जा. पण तुमची शपथ संपलेली नाही. निकाल लागेपर्यंत या खटल्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, काही ऐकायचं नाही, वाचायचं नाही. आणि बोलावलं तर यायचं. कबूल?”

“दिला शब्द,” ओदीलबाई म्हणाल्या.

उठताना त्यांचा हात माझ्या उजव्या कोपऱ्यावर पडला. तिथला वेत आता तुटायला आला होता.

“ग्रिंडल, हिची वीण उसवतेय,” त्या बेलिफना म्हणाल्या. “माझ्या आईने मला वेत विणायला शिकवलंय. एकदा येऊन करून देईन.”

“द्या की,” ऑल्टन म्हणाले. असं बोलणारे पुष्कळ येतात. त्यांनी ते तिथेच सोडलं, आणि मीही.

चार दिवस आतल्या खोलीतून आवाज येत होते. कधी टेबलावर मूठ आपटल्याचा, कधी नुसता खोकल्याचा. ऑल्टन सँडविचची टोपली आत द्यायचे आणि रिकामी टोपली घेऊन मान हलवत परतायचे. पाचव्या दिवशी सकाळी आत एकदम धावपळ झाली. चौथे पंच, मोठ्या मिशांचे मेकॅनिक हारलन, छातीला हात धरून खाली बसले होते. त्यांना इस्पितळात नेलं. जीव वाचला, पण त्यांना परत येता येणार नव्हतं.

अकरा पंच चालत नाहीत. नवी ज्यूरी बसवायची, तर न्यायालयाचं पुढचं सत्र मार्चमध्ये. म्हणजे लुसियननी अख्खा हिवाळा कोठडीत काढायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. रोलांदच्या सुया थांबल्या.

“तेरावीला बोलवा,” न्यायाधीश म्हणाले.

सरकारी वकील उभे राहिले. “साहेब, चार दिवस झाले. गाव केवढंसं! चुलीपासून चर्चपर्यंत दुसरा विषय नाही. त्या बाईच्या कानावर काही पडलं नसेल?”

त्यांचं खोटं नव्हतं. मी माझ्या जागी उभी होते आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला काय हवंय ते मला ठाऊक होतं. त्या बोललेल्या नसू देत, एवढंच.

तासाभरात ओदीलबाई आल्या. स्वयंपाकघराचा अ‍ॅप्रन कोटाखालून दिसत होता.

“कोणाशी बोललात?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही, साहेब. माझी नणंद बर्नादेत म्हणाली, ‘वहिनी, बोलू नको, नुसती मान हलव. त्यानेच केलं असेल तर वर-खाली, नसेल केलं तर आडवी.’ मी पाठ फिरवली. तेव्हापासून तिने माझ्याशी अबोला धरलाय.”

“वाईट झालं.”

“नाही साहेब. घर शांत आहे.”

हसण्याची लाट उठली. न्यायाधीशांनी हात वर केला. “वर्तमानपत्र?”

“आलं तसं चुलीत गेलं. शाळा सुरू झाली, तेव्हा सोबतिणी हेच बोलत बसायच्या. मी भांडी घासायच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहायचे. तिथे देवाचाही आवाज ऐकू यायचा नाही. फादरनी विचारलं, ‘ओदील, मनावर काही ओझं आहे का?’ मी म्हटलं, ‘पाप असतं तर सांगितलं असतं, फादर.’”

“म्हणजे एक शब्दही नाही?” सरकारी वकिलांनी विचारलं.

ओदीलबाईंनी अ‍ॅप्रन सारखा केला. “एकदा बोलले.”

सरकारी वकील एक पाऊल पुढे आले.

“रविवारी चर्चच्या पायरीवर मिसेस देगल समोर आल्या. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. काही विचारलं नाही. मी म्हटलं, ‘निसरडं आहे, जपून.’ एवढंच.”

तिसऱ्या बाकावर रोलांदने मान खाली घातली. सरकारी वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मनाशी काही मत पक्कं केलंय का तुम्ही?” न्यायाधीशांनी विचारलं.

“रोज वेगळंच वाटतं, साहेब. एकटीला काही सुधरत नाही. म्हणून तर बारा लागतात ना?”

“हरकत?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही,” दोन्ही वकील म्हणाले.

मग अकरा पंचांना बाहेर आणून बजावलं, की मागचे चार दिवस विसरा, पहिल्यापासून बोला.

“साहेब, भांडून भांडून घसा बसलाय!” त्यांतले एक कळवळून म्हणाले.

“मग आता हळू बोलाल,” न्यायाधीश म्हणाले.

ओदीलबाई आत गेल्या. दार लागलं. आवाज खरंच खाली आले. दोन दिवसांनी सगळे बाहेर आले, आणि त्यांच्या प्रमुख पंचाने उभं राहून सांगितलं, “निर्दोष.” रोलांद उठली, तसा लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवरून पडून पार माझ्या पायापर्यंत घरंगळत आला. लुसियननी तो स्वतः वाकून उचलला.

आग कोणी लावली, मित्रांनो? मला आजही ठाऊक नाही. आत काय बोलणं झालं, तेही नाही. ऑल्टननी जाता जाता ओदीलबाईंना हळूच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “आतलं आत.”

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझ्या कोपऱ्याचा वेत तुटला, मग मधला. खिडकी उघडायला माझ्यावर चढलेल्या एका पंचाचा पाय त्यात अडकला, तेव्हा मला तळघरात नेलं. वर गादीच्या नव्या खुर्च्या आल्या, तेरावीसुद्धा त्यांच्यासारखीच. माझ्या पाठीला दोऱ्याने एक कागद बांधला, त्यावर ‘टाकायची’ असं लिहिलं होतं. अंधारात बसून मी विचार करायचे, मी कामाची होते की नव्हते? वर्षानुवर्षं नव्हते. एका दिवशी होते. हे कसं मांडायचं, मला येत नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. घरात, शाळेत, कुठेही एखादी जास्तीची वस्तू असेल, एखादं जास्तीचं माणूस असेल, तर त्याची आबाळ करू नका. त्याची धूळ पुसा, गाठ आवळा. त्याची पाळी केव्हा येईल, ते त्यालाही माहीत नसतं.

परवा तळघराचा दिवा लागला. ऑल्टन आता निवृत्त झालेत, तरी किल्ली त्यांच्यापाशी असते. त्यांच्यामागून काठी टेकत, एकेक पायरी उतरत कोणी आलं.

“अहो, हिला उद्या गाडी न्यायला येणार आहे,” ऑल्टन सांगत होते. “कशाला एवढा त्रास? किती वर्षं झाली! मी तर विसरूनही गेलो होतो.”

“वीण करून द्यायची राहिलीय,” ओदीलबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या पाठीचा कागद सोडला, घडी करून खिशात ठेवला. माझ्या फाटक्या बैठकीतून हात घालून चौकट चाचपली. मग काठी ऑल्टनच्या हातात दिली, मला दोन्ही हातांनी उचलून कमरेवर घेतलं, आणि जिन्याकडे निघाल्या.