शनिवारचं पान

"डबा आत नेऊन उपयोग नाही, आजी," डॉक्टर मृदुला हळू आवाजात म्हणाल्या. "आजोबांना अजून तोंडाने काही द्यायचं नाही."

"द्यायला नव्हं. शनवारचा नैवेद्य हाय. नुसता दाखवते."

शकुंतलाबाईंनी डबा पदराखाली धरला. मानाजीरावांच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून आठवडा होत आला, तरी ताप हटत नव्हता.

"गाठ निघाली की. मग का वो असं?"

"मोठ्या ऑपरेशननंतर शरीरात दाह उठतोच, मग शमतो. यांचा शमत नाहीये. पोटात आतड्यांभोवती फार चरबी असली, की ती कधी कधी या दाहात तेल ओतत राहते."

"ती चरबी माझ्या हातची, डॉक्टरबाई."

"असं एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, आजी."

शकुंतलाबाईंना ते पटलं नाही. लग्नात सासूने सांगितलं होतं, उपासाच्या दिवशी बायकोच्या वाटचं पान नवऱ्याने संपवायचं, तेव्हाच व्रत देवाला पोचतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी. त्या पाण्यावर राहायच्या आणि मानाजीराव विजयनगरातल्या शिलाईच्या दुकानातून दुपारी येऊन दोन्ही पानं जेवायचे. पुळियोगरे म्हणजे चिंचेचा भात, गोड पोंगल, वर तूप. मग मशीनवर बसून, पोटावरून हात फिरवत गिऱ्हाइकाला सांगायचे, "हे माझं नव्हं. बायकोचं पुण्य हाय, मी नुसतं सांभाळतो."

आत गेल्या तेव्हा ते जागे होते. नाकात नळी, पोटावर पट्ट्या.

"काय आणलीस?"

"पुळियोगरे."

"उघड की. वास तरी येऊ दे."

त्यांनी झाकण काढलं. मानाजीरावांनी डोळे मिटून घेतले.

"माझे उपास तुमच्या पोटात साठले," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तेच आता जाळतात तुमास्नी."

"सुम्ने, उगाच कायतरी बोलू नको. जीभ माझी, अन् दोष तुझा व्हय?" त्यांनी दम घेतला. "आता तू जेव."

"शनवार हाय वो."

"हाय की. आज उपास माझा. पान तुझं."

शकुंतलाबाईंनी दाराकडे पाहिलं. नर्स पाठ करून सलाईनची बाटली बघत राहिली. त्यांनी पहिला घास घेतला. मानाजीराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते, तोंड हलेल तशी त्यांचीही हनुवटी किंचित हलत होती.

"मीठ?"

"बरोबर हाय."

"साकु, पुरे म्हणून अर्ध्यावर उठू नको. संपव."

त्यांनी संपवलं.

मंगळवारी मानाजीराव गेले.

सुतक फिटल्यावरच्या पहिल्या शनिवारी शकुंतलाबाईंनी न्हाऊन स्वयंपाक केला, देवाला नैवेद्य दाखवला. सवयीने दोन पानं मांडली गेली. त्यातलं आपलं त्यांनी उचलून ठेवलं. मग मानाजीरावांच्या पाटावर बसून, खाली मान घालून, त्या शेवटच्या शितापर्यंत जेवल्या.

मीठ घालायचं राहून गेलं होतं.