वर्नाचे सात सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी विनोदी फिल्म आहे. खरं सांगायचं तर फिल्मचं फक्त तिसरं रीळ. माझी बाकीची पाच भावंडं आता नाहीत.

माझा जन्म हॉलिवूडचा. माझा नायक तेव्हा भारी गाजलेला. आज त्याचं नाव मलाही आठवत नाही. माझ्यात वर्ना नावाची एक पोरगी होती, जेमतेम अकरा सेकंद. स्वयंपाकीण होऊन ती नायकाच्या तोंडावर दार आपटते आणि स्वतःचाच एप्रन दारात अडकवून घेते. लोक पोट धरधरून हसायचे.

मोठ्या शहरांतले खेळ संपले की आमची रवानगी लहान गावांत व्हायची. मी जिथे तुटेन तिथला तुकडा सिनेमाचं यंत्र चालवणारे ऑपरेटर कापून टाकायचे आणि मला पुन्हा चिकटवायचे. दीड वर्षाने नेब्रास्कात वर्नाच्या गावी पोचले, तेव्हा तिचे सातच सेकंद उरले होते. तिथेही खेळाआधीच्या चाचणीत मी नेमकी तिच्यावरच फाटले.

ऑपरेटर एल्मरने कात्री उचलली. तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "बर्थाबाईंनी तिकीट घेतलंय."

"वर्नाच्या आईने? त्यांनी तर पोरीचं नाव टाकलंय. सिनेमात गेलीस तर हे दार बंद म्हणाल्या होत्या. चार वर्षं पत्राला उत्तर नाही."

"म्हणून तर मागच्या रांगेचं घेतलंय."

एल्मरने कात्री ठेवली. दुपारभर बसून त्याने माझ्या कडेचं एकेक फाटलेलं भोक सांधलं, पण वर्नाचं एकही चित्र जाऊ दिलं नाही.

खेळाला सगळे हसले, बर्थाबाई सोडून. खेळ संपल्यावर त्या जिना चढून वर यंत्राच्या खोलीत आल्या.

"तेवढंच परत दाखव."

एल्मरने दाखवलं.

"गाठ बघ ती. आठ वर्षांची असताना शिकवली होती. अजून एप्रन बांधता येत नाही कार्टीला." त्यांनी डोळे पुसले. "परत लाव."

तिसऱ्यांदा मात्र त्या हसल्या. मग म्हणाल्या, "कागद आहे का रे? पत्र लिहायचंय."

नाताळात वर्ना घरी आली. दार बर्थाबाईंनीच उघडलं.

पुढे कंपनीने फिल्मच्या जुन्या प्रती नष्ट करायला परत मागवल्या. एल्मरने पाच रिळं पाठवली आणि तिसरं हरवलं म्हणून कळवलं. आयुष्यात तो तेवढंच खोटं बोलला असेल. आता मी आक्रसलेय, चिकट झालेय, मला कुबट वास येतो. पण ते सात सेकंद शाबूत आहेत.

म्हणून हात जोडून सांगते, फिल्मचा गंजका डबा भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आत कुणाची तरी लेक असेल.