उरलेले अठ्ठ्याण्णव

"वाढलीच की," वाटाण्याची शेंग अंगठ्याने फोडत सासूबाई म्हणाल्या. "विसाचे तीस झाले, म्हणजे दहा बायका नव्या लागल्या. ह्यात विचारण्यासारखं काय आहे?"

सुनेने पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. प्रश्न तिने सकाळीच रचला होता. एका कारखान्याच्या कामगारांत गेल्या वर्षी वीस टक्के स्त्रिया होत्या, यंदा तीस टक्के आहेत. तर तिथल्या स्त्रियांची संख्या वाढली असं म्हणता येईल का? उत्तर सोपं होतं. म्हणता येणार नाही. कारखान्याने निम्मी माणसं घरी बसवली असतील, तर टक्का वाढूनही बायका कमीच झालेल्या असणार. पण बरोबर उत्तर लिहायला कुणाची अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती चुकीच्या पर्यायांना.

सून ज्या कचेरीत होती तिथे नोकरभरतीच्या तर्कक्षमता चाचण्या तयार होत. कचेरीचा एक दंडक होता. चुकीचा पर्याय खुर्चीत बसून रचायचा नाही. खऱ्या माणसाला प्रश्न घालायचा आणि तो जिथे पाय घसरून पडेल तीच जागा पर्याय म्हणून उचलायची. अशा पर्यायाला तिथे सगळे चकवा म्हणत. कुणी मेहुण्याला धरी, कुणी शेजारणीला. पण ही माणसं चार-सहा महिन्यांत शहाणी होत आणि निकामी ठरत. सासूबाईंचं तसं नव्हतं. इतकी वर्षं टक्केवारीचे प्रश्न ऐकून बाई तसूभर सुधारल्या नव्हत्या. पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेही असं की दर वेळी नव्या बाजूने ओघळायचं. त्यांच्या एकेका चकव्यात पदवीधर उमेदवारांचे थवेच्या थवे सापडत. साहेब सुनेला म्हणत, आमच्या कचेरीचं अर्धं नाव तुमच्या सासूबाईंमुळे आहे, जपा त्यांना.

नेमकं तेच जमेनासं झालं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. अलीकडे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सासूबाई थांबत आणि पिशवीत किल्ली शोधू लागत. किल्ली सुनेच्या हातात असली तरीही. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, हृदयाची एक झडप पार अरुंद झाली आहे. ती बदलायची, दुसरा इलाज नाही. नाही बदलली तर वर्ष-दोन वर्षांत हृदय थकणार. डॉक्टरीण तरुण होती, स्पष्ट बोलणारी. सत्तरीनंतर या शस्त्रक्रियेतला धोका दुप्पट होतो, हे मला सांगायलाच हवं, एवढं ती म्हणाली आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. सासूबाई पर्स उचलून उभ्या राहिल्या होत्या. दुप्पट म्हणाली ना ती, मग संपला विषय.

त्यानंतर त्यांनी सगळ्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मुलाने समजावलं, मग तो रुसला, मग जेवणाच्या टेबलावर नुसता ताटाकडे बघत बसू लागला. सून मात्र निर्धास्त होती. अहो, हे तर तिचं रोजचं काम! टक्का ऐकला की विचारायचं, कशाचा. दुप्पट ऐकलं की विचारायचं, कशाच्या. कचेरीत नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी हेच घोकायला लावी. सासूबाई एका साध्या चकव्यात अडकल्या आहेत, आणि त्यातून त्यांना बाहेर काढायला तिच्यापेक्षा योग्य माणूस गावात सापडणार नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिने डॉक्टरणीला फोन करून राहिलेलं वाक्य विचारून घेतलं. बाकीचंही बरंच विचारून घेतलं.

म्हणून तर आज कारखान्याचा प्रश्न आधी घेतला होता, हात मोकळा व्हावा म्हणून. दुसरा प्रश्न तिने त्याच आवाजात वाचला. एका दवाखान्यात एका शस्त्रक्रियेत सत्तरीच्या आतल्या शंभर रुग्णांपैकी एक दगावतो. सत्तरीनंतर धोका दुप्पट होतो. तर सत्तरीपुढच्या शंभरांपैकी किती वाचतात?

"अठ्ठ्याण्णव," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

सुनेचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. धोका दुप्पट म्हणजे वाचणारे निम्मे, अशा हिशेबाने पन्नास येणार, याची तिने खूणगाठ बांधली होती. पन्नासनंतर काय बोलायचं तेही ठरलेलं होतं.

"पन्नास का नाही?" तिने विचारलं.

"पन्नास कशाला? एकाच्या दुप्पट दोन. शंभरातून दोन गेले." एवढं बोलून सासूबाईंचा अंगठा शेंगेतच थांबला. काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि आता बोलून फायदा नाही हेही. त्यांनी शेंग पूर्ण सोलली, दाणे वाडग्यात टाकले.

"आई, तुम्हाला हे सगळं येतं."

सासूबाईंनी नाकारलं नाही. लग्नानंतरही त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या, हे सुनेला ठाऊक होतं. पण तिथे संध्याकाळी किती फोन आले, त्यांतले किती लागले, कालच्यापेक्षा टक्का वाढला की नुसते फोनच कमी आले, हा हिशेब त्याच मांडत, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं बाईंनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"बरोबर उत्तर तुझ्याकडे असतंच गं," सासूबाई म्हणाल्या. "तू यायचीस ती चुकीचं मागायला. म्हटलं, आपल्याकडून जातंय काय? पण खोटं वाटता कामा नये. त्याला डोकं लावावं लागतं."

सुनेला आधी हसू आलं आणि लगेच राग आला. म्हणजे दवाखान्यातलं ते ‘दुप्पट’ हाही चकवाच होता, आणि चकव्यांवर पोट भरणारी ती स्वतः त्यात सपशेल सापडली होती. तिने वाटाण्यांचं वाडगं बाजूला सरकवलं.

"मग उठून का आलात तिथून?"

सासूबाईंनी सालं गोळा केली.

"त्या दोघांची भीती नाही मला. ते सुटले. भीती आहे उरलेल्या अठ्ठ्याण्णवांची. त्यांना उचलून बसवायला कुणीतरी लागतं."

मग त्यांनी ते सांगितलं. घरातला प्रत्येकजण ते जाणून होता, पण त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या सासूबाईंचं अर्धं अंग गेलं आणि त्या अकरा वर्षं अंथरुणावर होत्या. एक्स्चेंजमध्ये पर्यवेक्षक म्हणून यांचं नाव लागायच्या बेतात होतं, त्याच महिन्यात यांनी राजीनामा दिला. म्हातारी वाईट नव्हती हो, उलट रोज माफी मागायची. तेच जास्त जड जायचं. आता सुनेच्या बढतीचं चाललेलं असताना आपण या घरात तशा पडायचं आणि रोज तिची माफी मागायची, त्यापेक्षा जिन्यात किल्ली शोधलेली बरी.

सुनेचे डोळे भरून आले. पण ती तशी रडत बसणारी नव्हती, आणि समोरचं उत्तर तपासल्याशिवाय सोडणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"त्यांचं अंग गेलं होतं, आई. तुमची झडप बदलायची आहे. तो आकडा ह्या प्रश्नाला कसा लावता? उरलेल्यांचं मी डॉक्टरणीला विचारलंय. नव्वदजण आठवड्याभरात स्वतःच्या पायांनी घरी जातात. दोन महिन्यांत जिना."

"आणि बाकीचे आठ?" सासूबाईंनी तत्काळ विचारलं.

"त्यांना काही महिने माणूस लागतो. तो आहे आपल्याकडे."

"म्हणजे तूच ना."

"मी एकटी कशी? तुमचा मुलगा कुठे गेला? धडधाकट आहे, पाठ मजबूत आहे, आणि आई त्याची आहे. उचलणारी माणसं मोजताना तुम्ही घरात एकच धरलंत. एकूण संख्याच चुकली तुमची."

सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या. आपल्या मुलाला कुणी या हिशेबात धरू शकतं, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नसावं. त्यांच्या वेळी तसं कुणी धरलं नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

"आज पहिल्यांदा खरं चुकलात," सून म्हणाली. पण तिने ते लिहून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं.

"त्याला साधी उशी नीट ठेवता येत नाही," सासूबाई पुटपुटल्या. थोड्या वेळाने पदराने डोळे पुसून त्यांनी हात पुढे केला. "त्या पोरीला फोन लाव. बोलणार मी."

त्या बोलल्या, ते एक्स्चेंजच्या आवाजात. एकेक गोष्ट दोनदा विचारून, मध्ये कुणाला तोंड घालू न देता. फोन ठेवून त्यांनी मुलाला हाक मारली आणि तारीख सांगितली. तुला रजा काढावी लागेल, एवढंच त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि तो तोंड धुवायला आत गेला.

शस्त्रक्रियेनंतर बाईंना वॉर्डात आणलं त्या दुपारी सून कचेरीतून परस्पर आली. मुलगा पलंगाशी वाकून आईच्या पाठीखाली उशी सरकवत होता आणि त्या क्षीण आवाजात त्याच्या चुका काढत होत्या. वर, जरा डावीकडे, अरे डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे. तो न कंटाळता परत परत सरकवत होता. शेवटी उशी नीट बसली.

सुनेने विचारपूस केली, कपाळावर हात ठेवला. बोलायला धड काही सुचेना, तेव्हा तिने पर्समधून कागद काढला. एका गावातल्या शाळेत गळतीचं प्रमाण निम्म्यावर आलं. तर शाळा सोडणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली, असं म्हणता येईल का?

"नाही येणार," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "आधी शाळेत मुलं किती होती, आता किती आहेत, ते सांग."

"आई, हे तर बरोबर आलं."

"गुंगी उतरू दे गं. चुकायला डोकं ठिकाणावर लागतं."