ब्रेक ऑइलच्या डबीची घालमेल

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. सुया-दोऱ्यांची नव्हे, की कानातल्या डुलांचीही नव्हे. एका लाल, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखाली, अगदी कोपऱ्यात माझी जागा आहे. माझ्या पोटात ब्रेक ऑइल असते. चालवणाऱ्याने पेडल दाबले की तेच ऑइल बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जोर पोचवते आणि गाडी थांबते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अर्धपारदर्शक आणि स्वच्छ होते. अंगावर दोन रेघा, एक वरची, एक खालची; ऑइल या दोहोंच्या मध्ये असायला हवे. माझा तोरा काही विचारू नका. पण बघायला येणारे इंजिनाचे कौतुक करत, सीटवर हात फिरवत, आरशात स्वतःचे केस नीट करून घेत. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

पुढे गाडी तिसऱ्या मालकाकडे आली. हे तीस वर्षे गॅरेज चालवून निवृत्त झालेले मेकॅनिक, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ते दर आठवड्याला माझी रेघ बघत आणि म्हणत, "लेव्हल आहे. झालं."

मी आतल्या आत चरफडत असे. लेव्हल होती हो, पण ऑइलचे काय? या ऑइलला एक वाईट खोड आहे, ते हवेतला ओलावा गुपचूप पिते. असे पाणी मुरलेले ऑइल उतारावर सतत ब्रेक दाबून तापले की उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबले तरी ब्रेक लागत नाही. चार वर्षांत माझ्या पोटातले सोनेरी ऑइल कोऱ्या चहासारखे झाले होते. रोज गाडी सुरू झाली की माझ्या जिवाला घोर लागायचा, आणि तोंडावर तर घट्ट झाकण.

अशातच उस्तादांच्या लेकीने डोंगरावरच्या शर्यतीत नाव घातले. चढण थोडी आणि वळणावळणाचा उतारच फार. आदल्या दिवशी ती पेनासारखे एक यंत्र घेऊन आली. तिने माझे झाकण उघडून त्याचे टोक आत बुडवले. लाल दिवा लागला.

"बाबा, यात पाणी मुरलंय. बदलायला हवं."

"आता तू मला शिकवणार?" उस्ताद म्हणाले. पण दिवा डोळ्यांसमोर होता. त्यांनी मुकाट्याने बाह्या सरसावल्या.

जुने ऑइल सिरिंजने ओढून काढले, सीलबंद बाटलीतले नवे ओतले. मग चाकांची पाळी. लेक सीटवर बसून पेडल दाबून धरायची. उस्ताद चाकापाशी बसून "उघडतो" म्हणायचे आणि तिथला बारीक नट सैल करायचे. जुने ऑइल नटाला लावलेल्या नळीतून एका रिकाम्या बाटलीत पडायचे. नट आवळला की "उचल" म्हणायचे. ती पाय उचलायची आणि माझ्यातले नवे ऑइल घोटभर खाली जायचे. तीन चाके अशी झाली.

चौथ्याला उस्तादांचे गुडघे बोलू लागले. आता शेवटचेच दाबणे म्हणून त्यांनी बाटली बाजूला केली, नळीही काढून टाकली. "सोडतो," ते पुटपुटले. त्यांना म्हणायचे होते, नट सोडतो. लेकीला ऐकू आले, "सोड तो." म्हणजे पाय. तिने पाय उचलला, आणि नट उघडाच होता.

माझ्यातले ऑइल हलले नाही. मला धडकीच भरली. चाकाकडून हवा आत ओढली गेली होती, आणि उतारावर हवाही वाफेसारखाच दगा देते. उस्तादांनी मात्र नट आवळला, माझी रेघ पाहिली, झाकण लावले.

लेकीने पेडल दाबून पाहिले. "बाबा, मऊ लागतंय."

"नवीन ऑइल आहे. बसेल."

"आधी असं नव्हतं."

"तीस वर्षं हेच केलंय मी."

तिने पुन्हा एकदा पेडल दाबून पाहिले. आता ही मान हलवणार आणि उद्या अशीच निघणार, या विचाराने माझा जीव कासावीस झाला. मग तिने हळूच विचारले, "तुम्ही शेवटी सोड म्हणालात, तेव्हा लगेच सोडला मी पाय. बरोबर ना?"

"मी कुठे सोड म्हणालो? मी म्हणालो, सोडतो. नट." आणि उस्ताद बोलता बोलता थांबले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले.

"मी तुला असंच पाठवणार होतो," ते म्हणाले.

लेक उतरून त्यांच्याजवळ बसली. "पुन्हा करू. फक्त नुसतं सोडतो नको. नट म्हणा, नाहीतर पाय म्हणा."

चारही चाके पुन्हा झाली. या वेळी पेडल घट्ट लागले. शर्यतीत ती सातवी आली, आणि सगळी वळणे उतरून धडधाकट घरी आली. आता मी म्हातारी झाले आहे. माझ्या रेघाही पुसट झाल्या आहेत, पण दर दोन वर्षांनी नवे ऑइल मिळते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. रेघ जरूर बघा, पण झाकण उघडून आतही बघा. आणि तुमचा अनुभव तीस वर्षांचा असला, तरी पेडल ज्याच्या पायाखाली आहे त्याचे आधी ऐका.